फाटक बंद करण्याची किंमत

राष्ट्राने व्यापारसंघ सोडल्यास महागाई वाढते काय, हा प्रश्न मोहाडी तालुक्यातील करडी येथील धान उत्पादकास दूरचा वाटेल. परंतु त्याच्या बांधीत पडणारे पालाश खत परदेशांतून येते व देशाचा तांदूळ परदेशी जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न त्याच्या दाराशीच उभा असल्याचे दिसून येईल.

परस्परांच्या मालावरील जकात काढून टाकणाऱ्या राष्ट्रांचा समूह म्हणजे व्यापारसंघ होय. शेजाऱ्यांनी आपापसांतील फाटके उघडी ठेवावीत, तसाच हा प्रकार आहे. ब्रिटनच्या जनतेने २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. लगेच पौंडाचे मूल्य घसरले आणि बाहेरून येणारा माल महागला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडला. पुढे करारामुळे जकात टळली, तरी दाखले, तपासणी व विलंब यांचा खर्च वाढला आणि त्याचा भार अखेरीस ग्राहकावर पडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला. याचा सर्व दोष संघत्यागास देता येणार नाही. युक्रेनमधील युद्धाने इंधन महागले होते व संघात राहिलेली राष्ट्रेही त्यातून सुटली नाहीत. तथापि संघत्यागाने त्या ओझ्यात भर घातली, हे निश्चित.

भारताने ४ नोव्हेंबर २०१९ रोजी आशियातील ‘आरसेप’ या व्यापारसंघात सामील न होण्याचे ठरविले. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील स्वस्त दुग्धपदार्थ येथील बाजारात येतील, ही त्यामागील एक चिंता होती. दोन-चार जनावरांवर संसार चालविणाऱ्या कुटुंबांचा विचार करता तो निर्णय योग्यच होता. मात्र फाटक लावल्याने गाईचे दूध वाढत नाही; त्याकरिता चारा व निगाच लागते.

फाटक आतून बाहेर जाणाऱ्या मालासही बंद होते. २० जुलै २०२३ रोजी, ऐन रोवणीच्या दिवसांत, बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी आली. देशातील भाव आवरणे हा तिचा हेतू होता. ती २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठली. ग्राहकास अन्न स्वस्त मिळावे हे इष्टच. परंतु त्याचा भार एकट्या उत्पादकावर पडू नये. अशी बंदी आवश्यकच असेल, तर पेरणीपूर्वी तिची सूचना मिळावी आणि हमीभावाने धानाची खरेदी वेळेवर व्हावी, ही अपेक्षा न्याय्य आहे.

फाटकाची किल्ली शेतकऱ्याच्या हाती नाही. उत्पादनखर्च मात्र बराचसा त्याच्याच हाती आहे. म्हणून ग्रामसेवक व कृषी सहायकांनी रोवणीपूर्वी माती परीक्षणाचा अहवाल समजावून द्यावा, आवश्यक तेवढेच खत घालण्यास सांगावे व क्विंटलमागील खर्चाचा हिशेब शेतकऱ्यांकडून लिहवून घ्यावा. ज्याच्याजवळ हिशेब आहे, त्याचीच मागणी वजनदार ठरते.