आधी मर्यादा, मग रंग



पाडवा जवळ आला की घराच्या साफसफाईबरोबर डोक्यावरच्या केसांचीही चर्चा सुरू होते. पुढे लग्नसराई, चैत्र शुद्ध त्रयोदशीला महावीर जन्मकल्याणकाची मिरवणूक आणि सगळीकडे फोटो. "यंदा कोणता रंग लावायचा?" हा प्रश्न भिशीत हमखास निघतो. मोबाईलवर वसंत ऋतूसाठी मधासारखा सोनेरी, तांबूस, चॉकलेटी असे रंग दाखवत असतात. माझं मत थोडं वेगळं आहे. शेड कोणती हे नंतर बघा, वर्षातून किती वेळा लावणार ते आधी ठरवा.

मी बी.कॉम. झालेली, म्हणून आधी हिशेबाचं सांगते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे आज रंगवले की तीन आठवड्यांत भांगात पांढरी रेघ दिसायला लागते. हा एकदाच करायचा खर्च नाही, दूधवाल्याच्या बिलासारखा तो दर महिन्याला येतो. सोनेरी रंग हवा असेल तर आपल्या काळ्या केसांचा मूळ रंग आधी ब्लीच करून काढावा लागतो. केस कोरडे होतात, मग त्यांच्यासाठी वेगळं तेल, वेगळा शाम्पू.

दुसरा हिशेब पाण्याचा. जाहिरातीतला वसंत थंड देशातला असतो. आपल्याकडे पळस फुलतो, तेव्हाच ऊन तापायला लागतं आणि पाणी जपून वापरायचे दिवस येतात. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. रंग काय, मेंदी काय, धुवायला दोन-तीन बादल्या सहज जातात. पाण्यात जीव मानणारी, पाणी गाळून पिणारी माणसं आपण. तो विचार न्हाणीघराच्या दारात सोडून कसा चालेल?

आता पाकिटाकडे या. शुद्ध मेंदीच्या पाल्याचा रंग तांबूसच चढतो, मग ती राजस्थानातल्या सोजतची का असेना. काळा रंग हवा तर वरून नीळीच्या पाल्याची पूड लावावी लागते. "काळी मेंदी" म्हणून जे झटपट काळं करतं, त्यात बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्यानं खाज येते, चेहरा सुजतो, डोळे मिटून जातात. म्हणून कोणताही डाय आधी कानामागे थोडासा लावून ४८ तास थांबा. पूर्वी त्रास झाला नव्हता म्हणून आता होणार नाही, असं नसतं. झालाच तर घरगुती उपाय करत बसू नका. आपल्या गावात वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे, तिथे त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

अहिंसेच्या दृष्टीनं एक चांगली गोष्ट २०१४ साली झाली. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला आपल्या देशात बंदी आली, आणि तशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही. तरी पार्लरमध्ये मेंदी लावताना तीत अंडं कालवलं आहे का, हे विचाराच. विचारायला लाजू नका, डोकं आपलं आहे.

डोकं आपलं आहे, हेच मला दोन्ही बाजूंच्या लोकांना सांगायचं आहे. "या वयात रंग कशाला?" म्हणणाऱ्या बायका असतात, आणि "लग्नाला पांढरे केस घेऊन येऊ नकोस" म्हणणारी घरचीच माणसं असतात. दोघांनाही आपल्या केसांचा निर्णय स्वतः घ्यायचा असतो. सुनेनं मेंदी लावली तर तिला धर्म शिकवू नये, आणि सासूनं पांढरे ठेवले तर तिला म्हातारी म्हणू नये.

आपले साधू-साध्वी हातानं केशलोच करतात. देहाचा मोह सोडण्याची ती फार वरची पायरी आहे. आपण संसारी माणसं, आपल्यासाठी भोगोपभोग परिमाण व्रत सांगितलं आहे: वापरायच्या वस्तूंना स्वतःहून मर्यादा घालायची. भाज्यांची मर्यादा आपण घेतो, साड्यांचीही काहीजणी घेतात. केसांच्या रंगाची का नको?

माझी मर्यादा वर्षातून चार वेळा, साधी मेंदी, पर्युषणात अजिबात नाही. रात्रभर भिजवलेलं मला चालत नाही, म्हणून पहाटे लोखंडी कढईत भिजवते आणि दुपारच्या आत धुऊन टाकते. रंग थोडा फिकट येतो. मधल्या दिवसांत मुळं पांढरी दिसतात, ती दिसू देते. तुमचा आकडा दोन असेल, सहा असेल, शून्यही असेल. पाडव्याच्या आत तो कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि मगच दुकानात जा.