पाठीमागे नाव लिहा

वसईजवळच्या कामण गावात एखादं जुनं घर पाडायला घेतलं की माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली येते. वर सातबारा, रेशनकार्ड. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फोटो. मग आवराआवर थांबते. "आजी, ही कोण गं?" आजी फोटो डोळ्यांजवळ नेते, अंगठ्याने चेहऱ्यावरची धूळ पुसते आणि नावाशी अडते. चेहरा ओळखीचा असतो, नाव मात्र आठवत नाही.

त्या अडण्यातून आम्हाला या अंकाचा विषय मिळाला. आज आपल्या मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत, पण आजीच्या लग्नाचा फोटो एकच असतो, आणि त्यातल्या माणसांना ओळखणारे आता थोडेच उरलेत. शिवाय हे फोटो कागदाचे, आणि जुलै २०१८मध्ये वसई-नालासोपारा पाण्यात होतं. कागद नासायला असा एक पाऊस पुरतो. फोटोतल्या माणसांइतकीच त्यांच्या मागची जागाही आम्हाला मोलाची वाटते: जिथे आज गोदामं आहेत तिथली भातखाचरं, त्यापलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, त्यात 'जि. ठाणे'; आपला पालघर जिल्हा तर ठाण्यातून वेगळा होऊन १ ऑगस्ट २०१४ला झाला. गेलेल्या माणसाचा फोटो हाती आला की रडू येतं, तेही आम्ही या अंकात टाळलेलं नाही.

वाचकहो, तुमच्याकडचा एक फोटो आणि त्याची हकिगत आम्हाला पाठवा. चिकट पानांच्या अल्बममधून तो ओढून काढू नका, पानासकट मोबाइलवर टिपा. सुटे फोटो असतील तर पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा. आजी आहे तोवर, याच आठवड्यात.