वाचवलेलं जातं कुठं?



वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली की पारावर, सोसायटीच्या ओट्यावर, गट ऑफिसच्या दारात एकच प्रश्न ऐकू येतो : यंदा दर किती? प्रश्न रास्त आहे. दीड वर्ष आडसाली ऊस सांभाळणाऱ्याने तो विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? पण दर काही कारखान्याच्या तिजोरीत तयार होत नाही. तो उसातून येतो, आणि फडापासून साखरेच्या पोत्यापर्यंत वाटेत जे सांडतं ते वजा होऊन येतो. ‘दर किती’ विचारणारे हजार आहेत. ‘सांडलं किती’ विचारणारे सभेत चारसुद्धा सापडत नाहीत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा हा व्यवहार आहे. दळणारे आपणच आणि पीठही आपलंच.

म्हणून या लेखात दराविषयी न लिहिता नासाडीविषयी लिहायचं ठरवलं आहे.

फड ते गव्हाण

आधी उताऱ्याचा हिशेब बघू. उतारा ०.१ टक्क्याने घटला म्हणजे टनामागे एक किलो साखर गेली. एक किलो म्हटलं की काही वाटत नाही. पण पाच लाख टन गाळपाला हाच आकडा ५ लाख किलो, म्हणजे ५,००० क्विंटल होतो. क्विंटलला ३,५०० रुपये धरले तर पावणेदोन कोटी रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा ठेवले. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे एवढ्याशा फरकाने साडेतीन हजार रुपये इकडचे तिकडे होतात.

हा उतारा जातो कुठं? ऊस तुटला की त्याचं नुसतं वजनच घटत नाही. आतली साखर मोडून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागतात. त्यांचा दाणा धरत नाही. ते जातात मळीत. तुटल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा, हे शेतकी खातं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. तरीही मोळ्या फडातच पडून राहतात, ट्रॅक्टर तळावर उन्हात उभे राहतात. जळिताचा ऊस तर आणखी लवकर बिघडतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर बोलायलाच नको.

दुसरी गोष्ट पाचटाची. मोळीबरोबर पाचट, वाढे, माती काट्यावर चढते. आपल्याला वाटतं वजन वाढलं. पण त्या पाचटात साखर नाही, उलट चांगला रस पिऊन ते बगॅसमध्ये निघून जातं. सगळ्यांचा उतारा त्यामुळे खाली येतो. तेच पाचट रानात राहिलं असतं तर खोडव्याला खत झालं असतं, ओल टिकली असती. काट्यावर आणलं तर नुकसान, पेटवून दिलं तर त्याहून नुकसान.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. पाळी बाजूला ठेवून वशिल्याने तोड घेणं. नोव्हेंबरात कोवळा ऊस तुटतो आणि तिकडे पक्व झालेला आडसाली तुऱ्यावर उभा राहतो. टोळीला ‘खुशाली’, ड्रायव्हरला ‘एंट्री’ देऊन ज्याने ऊस लवकर घालवला त्याला वाटतं आपण सुटलो. पण त्याच्या कच्च्या उसाने सरासरी उतारा पाडला आणि त्याचा भुर्दंड पाळीत थांबलेल्याने भरला. तोडणी मजुराची मेहनत मोठी आहे, त्याला जादा मिळालंच पाहिजे. पण ते करारातून, उघडपणे मिळू द्या. बांधावर, अंधारात नको.

एका काहिलीचा चार वेळा उपयोग

आता कारखान्यात या. जुन्या गुऱ्हाळात चुलवाणावर काहील असायची. चिपाड जाळायचं, रस आटवायचा, वाफ आभाळात. ती वाफ म्हणजे जळून गेलेलं चिपाडच, पण कोणाच्या मनात तिचा हिशेब आला नाही.

अमेरिकेत लुइझियानाच्या ऊसमळ्यांवर असाच प्रकार होता. उघड्या कढयांची रांग असे आणि एका कढईतला उकळता रस मोठ्या पळ्यांनी दुसऱ्या कढईत टाकायचं काम गुलाम करीत. अंगं भाजत. जळण अफाट लागे, साखर करपे. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलिओ या इंजिनिअरने यावर इलाज काढला. त्याचे वडील गोरे, आई कृष्णवर्णी वंशाची. पॅरिसला शिकून तो वाफेच्या इंजिनाचा जाणकार झाला. १८४३ मध्ये त्याने पेटंट घेतलं, १८४६ मध्ये त्यात सुधारणा केली. युक्ती साधी होती : पहिल्या बंद भांड्यातल्या रसातून निघालेली वाफ वाया घालवायची नाही, तिच्यावर दुसरं भांडं उकळायचं. त्याच्या वाफेवर तिसरं. पण पहिल्याच्या वाफेवर दुसरं उकळणार कसं? तर आतला हवेचा दाब कमी करून. डोंगरावर जसं पाणी कमी उष्णतेवर उकळतं, तसाच रस कमी दाबाखाली कमी उष्णतेवर उकळतो.

आज आपल्या कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या ज्या बॉडी ओळीने उभ्या दिसतात, त्या याच विचाराच्या आहेत. शंभर टन उसापासून, चरकावर सोडलेल्या पाण्यासह, साधारण शंभर टन पातळ रस निघतो. त्याचा पाक करायला पाऊणशे टन पाणी उडवावं लागतं. एकाच भांड्यात उडवायचं तर पाऊणशे टनांहून जास्त वाफ खर्ची पडेल. चार बॉडींत तेच काम वीस टनांच्या आसपास वाफेत होतं. रिलिओने नवी खाण शोधली नाही, नवं जळण आणलं नाही. जे फेकलं जात होतं ते पुन्हा वापरलं, एवढंच. पुढे दूध आटवण्यापासून समुद्राचं पाणी गोडं करण्यापर्यंत जगभर हीच रीत गेली.

पण गंमत अशी की यंत्र असून भागत नाही. जुन्या घडणीच्या कारखान्यात उसाच्या ५० टक्के आणि वरही वाफ लागते. नीट बसवलेल्या कारखान्यात ती ४० टक्के आणि खाली येते. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात हा फरक दिवसाला ५०० टन वाफेचा आहे. एक टन बगॅसला सव्वादोन टन वाफ धरली तर दिवसाला सुमारे २२० टन बगॅस. शंभर दिवसांत २२ हजार टन. ती वीज करून विकता येते किंवा बगॅस म्हणूनच विकता येते. आणि २०१३ च्या राज्याच्या ऊस दर कायद्याने साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड यांच्या उत्पन्नात ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा धरला आहे. तेव्हा गळका व्हॉल्व्ह, उघडी पडलेली पाइप आणि खवले धरलेल्या नळ्या हा फक्त चीफ इंजिनिअरचा विषय नाही. तो तुमच्या-माझ्या बिलाचा विषय आहे.

पाण्याचंही तसंच. उसात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते आटवताना निघालेलं गरम पाणी पुन्हा वापरलं तर नदीतून उपसा पुष्कळ कमी करता येतो.

संगणक कशासाठी?

आता काट्यावर, शेतकी खात्यात, बिलात सगळीकडे संगणक आहे. ऊस नोंद मोबाईलवर होते, उपग्रहाच्या चित्रावरून पिकाचा अंदाज घेतात. चांगलं आहे. पण संगणकही फुकट चालत नाही. यंत्रं, प्रोग्रॅम, दरवर्षीचं देखभालीचं बिल आणि त्यामागे बसलेली माणसं, सगळा खर्च आपल्याच उसावर. मग एकाच प्लॉटची माहिती चिटबॉयच्या वहीत एकदा, गट ऑफिसात एकदा आणि मुख्य ऑफिसात एकदा भरायची, आणि शेवटी तोड मात्र फोनवरच्या शब्दावर द्यायची, याला काय म्हणायचं? ती रंगरंगोटी झाली.

त्याची कसोटी एकच ठेवा. ऊस तुटल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत किती तास लागले? लागण तारीख, जात आणि ब्रिक्स पाहून तोडणी प्रोग्रॅम लागला का? लवकर पक्व होणारा ६७१ आधी आणि ८६०३२ त्याच्या वेळेला तुटला का? तळावर गाड्या थांबण्याचे तास घटले का? घटले असतील तर संगणक वसूल. नसतील तर तो महागडा टाइपरायटर आहे.

यात आपलीही जबाबदारी आहे. एकच ऊस दोन कारखान्यांकडे नोंदवायचा आणि जो आधी टोळी देईल त्याला घालायचा, ही सवय अनेकांना आहे. खोटी नोंद भरली तर संगणक खोटाच अंदाज देणार. त्या अंदाजावर टोळ्यांना उचल दिली जाते, वाहनांचे करार होतात. ऊस आलाच नाही की चरक ‘नो केन’ म्हणून थांबतो, बॉयलर मात्र बगॅस खातच राहतो.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

सर्वांत मोठी नासाडी मात्र डोळ्यांना दिसत नाही, कारण ती नव्या रंगाने चकाकत असते. ती म्हणजे बसून राहिलेलं भांडवल.

२०२१-२२ ला राज्यात ऊस एवढा झाला की गाळप जूनपर्यंत रेटावं लागलं. उभा ऊस वाळताना ज्यांनी पाहिला त्यांनी विस्तारवाढ मागितली, त्यात चूक नव्हती. त्या वर्षी राज्याची साखर १३७ लाख टनांवर गेली. नंतर २०२३ चा पाऊस तुटीचा झाला आणि २०२४-२५ ला साखर ८० लाख टनांच्या आसपास आली. अनेक कारखान्यांना त्या हंगामात शंभर दिवसही मिळाले नाहीत.

साधं गणित मांडा. परिसरात पाच लाख टन ऊस आहे. साडेतीन हजार टनांचा कारखाना तो १४३ दिवसांत गाळतो. पाच हजारांचा शंभर दिवसांत. साखर दोन्हीकडे जवळपास तेवढीच. उन्हाळ्याआधी गाळप उरकतं, हा फायदा खरा आहे आणि तो हिशेबात धरलाच पाहिजे. पण कर्जाचं व्याज ३६५ दिवस चालतं, आणि ते त्याच पाच लाख टनांवर बसतं. आडात नाही ते पोहऱ्यात आणायला मग शंभर किलोमीटरवरून गेटकेन आणायचा, वाहतुकीत पैसा घालायचा आणि तो ऊस शिळा होऊन उतारा पाडायचा. तेव्हा विस्तारवाढीला आंधळा विरोध नको आणि आंधळा हातही वर नको. भरघोस वर्षाचा ऊस न धरता दहा वर्षांची सरासरी धरा. आणि वाफ वाचवणारं यंत्र व गाळप वाढवणारं यंत्र, यांपैकी कोणावर टाकलेला रुपया आधी परत येतो ते बघा.

वाचलं, पण गेलं कुठं?

शेवटचा मुद्दा आपल्या रानातला. इंग्लंडमध्ये विल्यम जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाविषयी एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं : वाफेचं इंजिन कमी कोळशात जास्त काम करू लागलं म्हणून कोळसा शिल्लक पडला नाही. काम स्वस्त झालं, इंजिनं वाढली आणि कोळसा पूर्वीपेक्षा जास्तच जळला.

हे ठिबकला ताडून बघा. २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचा निर्णय घेतला. ठिबकने पाणी वाचतं, खत वाचतं, यात वाद नाही. पाटाने मोकाट पाणी देऊन शिरोळसारख्या भागात चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झालेल्या आपण पाहतो. पण एक एकराचं पाणी वाचवून त्यावर दुसरा एकर ऊसच लावला, तर विहिरीत पाणी राहिलं कुठं? दुष्काळाच्या साली ती जशी कोरडी पडायची तशीच पडणार, फक्त आता दोन एकर वाळणार. वाचलेल्या पाण्यापैकी काही खरोखर विहिरीत ठेवा, काही हरभऱ्याला, भाजीला, वैरणीला द्या. बचत केली एवढ्यावर थांबू नका. ती कोणाच्या पदरात पडली तेही बघा. कारखान्यालाही हाच प्रश्न लागू आहे. वाफेत वाचलेला पैसा दरात आला, कर्जात गेला की गेस्ट हाउसच्या फरशीत?

सभेत काय मागायचं

माझं म्हणणं चार गोष्टींत मांडतो. एक, हंगामात दर महिन्याला याच अंकात गटवार छापा : तोडीपासून गव्हाणीपर्यंत सरासरी किती तास लागले. दोन, वाफेचा वापर आणि कारखाना बंद राहिलेले तास, कारणासह, अहवालात उताऱ्याशेजारी द्या. तीन, विस्तारवाढीचा कोणताही ठराव दहा वर्षांच्या सरासरी उसाच्या आणि टनामागे बसणाऱ्या व्याजाच्या आकड्याशिवाय मांडू नका. चार, हे आपल्यासाठी : एकाच ठिकाणी नोंद, स्वच्छ ऊस, जळीत नाही, वशिल्याची तोड नाही.

पहिल्या तीन गोष्टी संचालक मंडळाकडून मागायला आपल्याला तोंड हवं असेल तर चौथी आधी पाळावी लागेल. अहवाल हातात पडला की पिशवीत घालू नका. रात्री पोराला किंवा सुनेला शेजारी बसवून ताळेबंद वाचा, जिथं कळत नाही तिथं पेन्सिलीने खूण करा आणि सभेला तोच अहवाल घेऊन या.

— एक सभासद