विश्लेषण : टीएसएच थोडा वाढला, कोलेस्टेरॉलही वाढलं, आधी गोळी कशाची?

मरोळ एमआयडीसी, सीप्झमधल्या अनेकांच्या मोबाइलवर वर्षातून एकदा हेल्थ चेकअपचा पीडीएफ येतो. समजा, त्यात दोन आकडे ठळक छापलेत : एलडीएल 148, टीएसएच 6.2. पहिला पाहून वडापाव बंद होतो. दुसरा 'थायरॉईड थोडा आहे' म्हणून बाजूला पडतो. पण हे दोन आकडे एकमेकांशी जोडलेले असू शकतात.

'थोडा थायरॉईड' म्हणजे काय?

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड मंदावली की टीएसएच वाढतो. (गिझरचा थर्मोस्टॅट आठवा. पाणी गार झालं की तो कॉइल सुरू करतो.) टीएसएच जास्त, पण फ्री टी4 नॉर्मल, ही अवस्था म्हणजे सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम. मुंबई, गोव्यासह आठ शहरांतल्या 5,376 प्रौढांची पाहणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे 8 टक्के लोकांमध्ये ही अवस्था आढळली.

मग कोलेस्टेरॉल का वाढतं?

यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. थायरॉईड हार्मोन कमी पडलं की ते कमी तयार होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. सोसायटीचा कचरा तेवढाच, पण पालिकेच्या गाडीच्या फेऱ्या कमी झाल्या, तसं. ट्रायग्लिसराइड फोडणारं एन्झाइमही मंदावतं.

वाढ किती, हे महत्त्वाचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये 1995 मध्ये आरोग्य मेळाव्यांत 25 हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. थायरॉईड नॉर्मल असलेल्यांचं सरासरी एकूण कोलेस्टेरॉल 216, सबक्लिनिकल गटाचं 224 आणि पूर्ण हायपोथायरॉइडिझम असलेल्यांचं 251 होतं. म्हणजे एलडीएल 190 असेल, तर त्याचं सगळं खापर 6 च्या टीएसएचवर फोडता येणार नाही.

गोळी घ्यायची का?

लगेच नाही. आजारपणातून उठल्यावरही टीएसएच तात्पुरता वाढतो. म्हणून दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा तपासतात. 10 च्या वर राहिला तर डॉक्टर सहसा लेव्होथायरॉक्झिन सुरू करतात. त्याखाली वय, अँटिबॉडी, हृदयविकाराचा धोका पाहून ठरतं. गरोदरपणाचे निकष वेगळे आहेत. 65 वर्षांवरील 737 जणांवर झालेल्या 'ट्रस्ट' चाचणीत (2017) या गोळीने थकवा किंवा इतर लक्षणं कमी झाली नाहीत. सौम्य अवस्थेत गोळीने एलडीएल उतरतं, पण थोडंच. स्टॅटिनने ते साधारण 30 टक्के किंवा अधिक खाली येतं.

तरीही स्टॅटिनआधी टीएसएच पाहायला हवा. थायरॉईड बरीच मंद असताना उपचार न करता स्टॅटिन घेतलं, तर स्नायूदुखीचा धोका वाढतो आणि दोष स्टॅटिनच्या माथी जातो. थायरॉईडची गोळी सुरू झाली, तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात. लिपिड प्रोफाइलही तेव्हाच केलं, की कोलेस्टेरॉलमधला थायरॉईडचा वाटा किती होता ते कळतं.