अमर पास, अकबर पास, अँथनी नापास

पायथन ही आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षापासून शिकवली जाणारी प्रोग्रामिंगची भाषा. तिच्यात एक छोटे फंक्शन आहे, 'इजअल्फा'. दिलेला शब्द फक्त अक्षरांचा बनला आहे का, एवढेच ते सांगते. उत्तर 'हो' किंवा 'नाही'. फॉर्ममध्ये कुणी नावाच्या जागी आकडे किंवा भलतीसलती चिन्हे भरू नयेत म्हणून नवखे प्रोग्रामर हे फंक्शन सर्रास वापरतात.

आता त्याला देवनागरीत नावे देऊन पाहा. 'अमर' पास. 'अकबर' पास. 'अँथनी' नापास. यात धर्माचा काही संबंध नाही. 'अहमद' पास होतो आणि 'मोहम्मद' नापास. 'कमल' पास होते आणि 'विमल' नापास. ज्याच्या नावात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा जोडाक्षर आहे, तो बाहेर. वर्धा जिल्ह्याचे आठ तालुके घ्या: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. आठही नापास. सेवाग्राम नापास, पवनारही नापास.

यामागे कुणाचा डाव नाही. युनिकोड या जागतिक लिपी-प्रमाणात प्रत्येक चिन्हाला एक प्रवर्ग दिलेला आहे. 'व' हा 'लेटर' प्रवर्गातला, तर काना, वेलांटी, हलन्ताचे चिन्ह ही 'मार्क' प्रवर्गातली. 'इजअल्फा' फक्त 'लेटर' मोजते. तांत्रिकदृष्ट्या फंक्शन बरोबर आहे. मग बिघडले कुठे? माझे म्हणणे असे की ते डॉक्युमेंटेशनमध्ये बिघडले, म्हणजे फंक्शनसोबत येणाऱ्या माहितीत.

त्या माहितीत युनिकोडच्या पाच उपप्रवर्गांची लघुनावे दिली आहेत. युनिकोडच्याच 'अल्फाबेटिक' नावाच्या दुसऱ्या संकल्पनेपेक्षा हे वेगळे आहे, असा खुलासाही आहे. एक शब्द चूक नाही. पण सेवाग्रामच्या वसतिगृहात रात्री प्रोजेक्ट उरकणाऱ्या मुलीला त्यातून काय कळणार? तिला एवढेच कळायला हवे की तिच्या आईचे नाव या चाळणीतून पार होणार नाही. ते त्यात लिहिलेले नाही. बरोबर असणे आणि उपयोगी असणे यात अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढणे हेच डॉक्युमेंटेशनचे काम.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. मजकुरातून शब्द वेगळे काढायला पायथनच्या पॅटर्न-लायब्ररीत 'डब्ल्यू' हे चिन्ह वापरतात. अनेक वर्षे तिथल्या माहितीत असे लिहिलेले होते की कोणत्याही भाषेतल्या शब्दात येऊ शकणारी बहुतेक चिन्हे यात धरली जातात. हे वाचून मराठी माणूस निर्धास्त झाला, तर त्याचा दोष नाही. प्रत्यक्षात याच चिन्हाने 'हिंगणघाट' शोधला की तीन तुकडे हाती येतात: 'ह', 'गणघ' आणि 'ट'. 'वर्धा'चे 'वर' आणि 'ध' होतात. पुढे ते वाक्य बदलले गेले, आणि आता हे चिन्ह अक्षर-अंक तपासणाऱ्या फंक्शनच्या व्याख्येप्रमाणे चालते असे सरळ लिहिलेले आहे. कोडला हात न लावता फक्त वाक्य सुधारले, आणि निदान खोटा दिलासा तरी गेला. सुधारणा म्हणतात ती हीच.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला? तर, समजा एखाद्या शिष्यवृत्तीच्या किंवा पीक विम्याच्या अर्जात अशी तपासणी बसली. माणूस आपले नाव आपल्या लिपीत अचूक लिहितो आणि पडद्यावर येते, 'कृपया योग्य नाव भरा'. त्याला वाटते, आपलेच काही चुकले. मग सेतू केंद्रातला पोरगा सांगतो, 'चाचा, इंग्रजीत टाका'. इथून खरी भानगड सुरू होते. देवनागरीत 'शेख' एकाच तऱ्हेने लिहितात. रोमन लिपीत त्याची चार स्पेलिंगे होतात. बापाच्या कागदावर एक, मुलाच्या दाखल्यावर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. हे दुखणे आपल्या समाजातल्या घरोघरी माहीत आहे, आणि ते फक्त आपलेच नाही. चौधरी, ठाकरे, वाघ यांनाही विचारा. कागदावर नाव जुळत नाही म्हणून हेलपाटे घालणाऱ्याला हे ठाऊक नसते की त्याची सुरुवात कुणीतरी न लिहिलेल्या एका ओळीपासूनही होऊ शकते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की डॉक्युमेंटेशन म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. जगातल्या प्रत्येक लिपीचे उदाहरण देत बसलो तर ते कोण वाचणार? हा आक्षेप खोटा नाही. पण प्रत्येक लिपीचे उदाहरण कुणी मागितलेले नाही. काना-मात्रेची अडचण हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू अशा कितीतरी भाषांना सारखीच लागू आहे. एक उदाहरण आणि एक इशारा, दोन ओळींत काम होते. तेच डॉक्युमेंटेशन वर्णक्रमाबद्दल हे करतेही: संस्कृतीप्रमाणे क्रम बदलतो, म्हणून स्थानिक नियमांनी क्रम लावायचा असेल तर अमुक साधन वापरा, असे तिथे सांगितले आहे. ते वाचणाऱ्या मराठी प्रोग्रामरच्या निदान लक्षात तरी येते की साध्या क्रमवारीत 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेप्रमाणे 'ह'नंतर येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येतो: आधी सगळे मराठीत भाषांतर करा. पायथनचे डॉक्युमेंटेशन जपानी, फ्रेंच, कोरियन भाषांत मिळते, मग मराठीत का नको? जरूर हवे. पण मूळ मजकुरातच आपल्या लिपीची अडचण लिहिलेली नसेल, तर भाषांतरातही ती येणार नाही. आधी मूळ दुरुस्त करावे, मग भाषांतर. शिवाय मूळ पान सगळे जग वाचते. पुण्यातल्या किंवा बर्लिनमधल्या ज्याला मराठी येत नाही, पण ज्याच्या कोडमधून मराठी माणसाचे नाव जाणार आहे, त्याच्यापर्यंत तोच रस्ता जातो. आता तर कोड लिहून देणारी यंत्रेही असाच मजकूर वाचून शिकतात.

वर्ध्याच्या माणसाला हे नवीन वाटू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच गावात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने मांडलेली योजना पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेली. मातृभाषेतून शिकावे आणि हाताने काम करत शिकावे, हे तिचे सूत्र. त्या योजनेवर मतभेद झाले, आजही आहेत. पण चांगल्या डॉक्युमेंटेशनची कसोटी याहून वेगळी नाही: वाचणाऱ्याच्या ओळखीचे उदाहरण द्या, आणि ते त्याला स्वतःच्या हाताने चालवून पाहता येऊ द्या. पायथनमध्ये २००१ पासून, म्हणजे २.१ या आवृत्तीपासून, 'डॉकटेस्ट' नावाची सोय आहे. माहितीत दिलेले उदाहरण खरोखर तेच उत्तर देते का, हे ती चालवून तपासते. उदाहरण खोटे ठरले तर लगेच कळते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. अक्षरे तपासणाऱ्या, तोडणाऱ्या, मोजणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या माहितीत काना-मात्रेच्या लिपीतले एक उदाहरण असावे. 'वर्धा'ची लांबी पाच येते हे दाखवावे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तिथे दोनच अक्षरे दिसतात. आणि 'इजअल्फा'खाली स्पष्ट लिहावे: माणसांची नावे तपासायला हे वापरू नका, तपासायचेच असेल तर 'मार्क' प्रवर्गही धरा.

हे करायला कुणाची परवानगी लागत नाही. पायथनचे डॉक्युमेंटेशन खुले आहे. कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, ती तपासली जाते, पटली तर स्वीकारली जाते. वर्धा-सेवाग्रामच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी शेवटच्या वर्षी त्याच त्या उपस्थिती-नोंदणीच्या प्रोजेक्टची नक्कल करण्याऐवजी अशी एक ओळ जगाच्या पानावर चढवून दाखवावी, आणि मास्तरांनी तिला गुण द्यावेत. इंग्रजी फार फाडफाड यावे लागते असेही नाही. आपले नाव चाळणीत का अडकते, हे ज्याला कळले, त्याच्याकडे लिहिण्याजोगे अर्ध्याहून अधिक आलेच.