कशेडीचा जुना घाट धावपटूंना द्या
साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला २०१२ पासून यवतेश्वरच्या चढावर मुंबई-पुण्याचे धावपटू लोटतात. महाबळेश्वर उतरून कोकणात आलं की महाड-पोलादपुरातही चढ आहेत, धावणारे आहेत, सोय नाही.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी महामार्गाच्या कडेने, पांढऱ्या पट्टीबाहेरच्या हातभर जागेत सोळाशे आणि आठशे मीटरचा सराव करतात. मागून टँकरचा हॉर्न वाजला की खडीत उतरायचं, घड्याळ थांबवायचं, पुन्हा पळायचं. हे जिवावर बेतणारं आहे.

कशेडी घाटाला आता बोगद्याचा पर्याय आहे. मग थंडीतल्या एखाद्या रविवारी जुना घाटरस्ता पहाटे तीन तास बंद ठेवून दहा किलोमीटरची शर्यत का घेऊ नये? प्रवेशशुल्क शहरातल्यांकडून घ्या, तालुक्यातल्या मुलांकडून नको. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉन गाजवून २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत धावली. तशी मुलगी पोलादपुरातही असेल, तिला आधी शर्यत तर मिळू दे.

पावसाळा ओसरताच प्रांत आणि पोलिसांनी बैठक घ्यावी. दरडीची वळणं बांधकाम खात्याने त्याआधीच तपासून द्यावीत.