दिवसाचा आलेख, रात्रीचा आजार

रात्रीचे दोन वाजलेत. पोरगा अंथरुणात ताडकन उठून बसतो. डोळे उघडे, एक हात ताठ, पाय सायकल मारल्यासारखे चालतात. अर्ध्या मिनिटात सगळं शांत. पावणेतीनला पुन्हा तेच. सव्वातीनला पुन्हा. काही दिवसांनी दारव्ह्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळते. आईबाप पहिल्या एसटीनं यवतमाळ नाहीतर नागपूर गाठतात. भर दुपारी डोक्याला तारा लावून अर्ध्या तासाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, निघतो. पोरगा टक्क जागा. संध्याकाळी कागद हातात पडतो. त्यावर लिहिलेलं असतं, 'नॉर्मल'.

या एका शब्दाला हटकायला हवं. झटका येतो झोपेत, आलेख काढला जागेपणी. त्या दुपारच्या अर्ध्या तासात काही सापडलं नाही, एवढंच त्या कागदावरून ठरतं. मिरगी आहेच अशा माणसांतही जवळपास निम्म्यांचा पहिला ईईजी स्वच्छ येतो. त्यात झोपेतले असे झटके बहुतेक वेळा मेंदूच्या पुढच्या भागात सुरू होतात, कधी फार खोलवर. तिथली विजेची गडबड कवटीवरच्या तारांना पुष्कळदा कळतच नाही. ऐन झटक्यातही कळत नाही.

या आलेखानं जाणत्यांनाही चकवलंय. 1981 साली इटलीतल्या बोलोन्या शहरात लुगारेसी आणि चिरिन्योत्ता या डॉक्टरांनी असे रुग्ण तपासले. आलेखात मिरगीची खूण मिळेना. आपल्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी विचारलं होतं, हा मिरगीचा झटका की नवाच विकार? पुढे काही वर्षं हा प्रकार झोपेतल्या हालचालींचा विकार म्हणूनच ओळखला गेला. ही मेंदूच्या पुढच्या भागातली मिरगी आहे, याचे पुरावे 1990च्या सुमारास त्याच शहरातून आले. जिथे अख्खी रात्र कॅमेरा लावून रुग्ण पाहिले जात होते, तिथे उत्तर मिळायला इतकी वर्षं लागली. आपण ते दुपारच्या अर्ध्या तासात मागतो.

'नॉर्मल' शब्द घरी पोचला की त्याचा वेगळाच अर्थ लागतो. रोग नाही ना, मग बाहेरचं असणार. उतारा निघतो, ताईत बांधला जातो. कुणी म्हणतं, शाळा बुडवायला नाटक करतो. पोरगा रात्री पाच-सहा वेळा मोडलेली झोप घेऊन वर्गात बसतो आणि पेंगतो म्हणून बोलणी खातो. अपुऱ्या झोपेनं झटके आणखी वाढतात. यावर कार्बामाझेपिन नावाचं जुनं, स्वस्त औषध आहे. अशा बऱ्याच रुग्णांना रात्री घेतलेल्या त्याच्या थोड्या मात्रेनं गुण येतो. निदानच झालं नाही तर ते लिहून कोण देणार?

उलटी चूकही तितकीच वाईट. झोपेतली प्रत्येक हालचाल मिरगी नसते. डोळा लागताना अंग दचकतं, ते निरोगी माणसाचंही दचकतं. लहान मूल रात्रीच्या पहिल्या प्रहरी किंचाळून उठतं, दहा मिनिटं कुणाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. हे बहुधा वयाबरोबर थांबतं. बाईचे पाय रात्री वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. तिथे आधी रक्तातलं लोह तपासावं. या सगळ्यांना 'झोपेत झटके' असं एका ओळीत लिहून मिरगीच्या गोळ्या सुरू करणं हा अन्याय आहे.

फरक कळतो तो तीन गोष्टींवरून. किती वेळ चाललं, रात्रीतून किती वेळा झालं, दर वेळी हुबेहूब तसंच झालं का. झोपेतल्या मिरगीचा झटका बहुधा दोन मिनिटांच्या आत संपतो, एका रात्रीत अनेकदा येतो आणि प्रत्येक वेळी तसाच येतो. ही माहिती यंत्रापेक्षा शेजारी झोपलेल्या आईकडे जास्त असते. तिला कुणी नीट विचारत नाही. आता तिच्या हातात फोन आहे. हकीकत आणि तपासणी यांना फोनवरच्या चित्रणाची जोड दिली की निदान जास्त अचूक होतं, हे 2020 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दाखवलं.

तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं 'ईईजी' लिहू नये, 'झोपेतला ईईजी' लिहावं. आईबापांनी दिवा लावून, पांघरूण बाजूला करून दोन-तीन झटके फोनवर टिपावेत आणि वेळ वहीत लिहावी. आणि 'नॉर्मल' असा कागद हाती आलाच, तर घरी परतण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा. हा आलेख काढताना आमचं पोरगं झोपलं होतं का?